जपानी झाड

एक जपानी अक्षर शिकणं म्हणजे आपल्या हातचा मळ, असं मी बायकोला ऐकवलं. आयुष्यभर शाळेच्या फळ्यावर वळणदार अक्षर काढलेला माणूस मी! लेक जपानला राहते. नात तिकडेच जन्मली आणि तिकडचंच बोलते. फोनवर मला पाहिलं की आईच्या पाठीमागे लपते. आजोबांना आपल्या भाषेतलं थोडं का होईना येतं, हे तिला दिसावं एवढीच माझी इच्छा.

झाडाचं अक्षर निवडलं: 木. आडवी रेघ, तिला छेदणारी उभी, दोन्ही बाजूंना उतरत्या फांद्या. उच्चार 'की'. कागदावरचं फोनमध्ये नीट दिसेना, म्हणून सकाळी फाटकाबाहेरच्या झाडाच्या बुंध्यावरच लाल रंगाने चांगलं हातभर रंगवलं आणि हात धुवायला आत गेलो.

बाहेर येतो तर झाडावर करवत घेऊन माणूस चढलेला. तारांना लागणारी झाडं तोडायला पालिकेची माणसं नेमकी तेव्हाच आली होती, आणि तोडायच्या झाडावर लाल फुली असते, असं मुकादम म्हणाला. ही फुली नसून जपानी अक्षर आहे, असं मी सांगितलं. त्याने अर्थ विचारला.

"झाड," मी म्हणालो.

मग झाडावर झाड कशाला लिहिलंत, हे त्याने अगदी शांतपणे विचारलं. तेवढ्यात वरून एक फांदी कोसळली. मी सरळ बुंध्याला मिठी मारली.

मुकादम माझी समजूत काढत असतानाच बायको फोन घेऊन धावत आली. लेकीचा होता. मी वळलो. नात नेहमीसारखी लपणार, तोच थबकली. माझ्या पोटाकडे बोट दाखवून म्हणाली, "की."

"की काय?" बायकोने विचारलं.

माझ्या पांढऱ्या शर्टावर अख्खं अक्षर उमटलं होतं.

मग पोर जी बोलत सुटली! एक शब्द कळत नव्हता, पण ती माझ्याशी बोलत होती, पहिल्यांदाच. मुकादमाने खुणेनेच करवत थांबवली आणि ते झाड सोडून दिलं. मी नुसता मान डोलवत होतो. डोळे भरून आले.

"काय म्हणतेय गं?" मी लेकीला विचारलं.

लेक हसू दाबत म्हणाली, "बाबा, ती विचारतेय, आजोबा शर्ट कधी बदलणार?"

बदलला लगेच. धुवायला मात्र अजून टाकलेला नाही. बायको मागते, आणि मी सापडत नाही म्हणून सांगतो.