फुआतिनो ग्रंथालयाचं पूर्वेचं टोक

"हा खांब झुकलाय, आफोआ! मुलांना सरळ रेघ मी शिकवायची, आणि त्यांच्या डोक्यावर हे?"

फुआतिनोबाईंचा हा आवाज लांगीनं सात वर्षांची असताना ऐकला होता. बाप वारल्यावर काम हाती घेतलेला तरुण आफोआ सुतार तेव्हा कॉलेजच्या नव्या ग्रंथालयाच्या आढ्यावर बसला होता, आणि खाली दहा शागीर्द तोंड उघडं टाकून उभे होते. आफोआ उतरला, वाकस कमरेला खोचला आणि चालू लागला. शागीर्द मागोमाग. सुतारानं रुसून सोडलेल्या घराला सामोआत दुसरा सुतार हात लावत नाही.

आता लांगी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होती. पुस्तकांच्या पहिल्या दोन पेट्या बाईंनी होडीतून मांडीवर घेऊन आणल्या होत्या, म्हणून गावानं त्यांचंच नाव ग्रंथालयाला दिलं. पश्चिमेकडून पाहिलं तर कासवाच्या पाठीसारखं गोल, नीरफणसाच्या खांबांवर तोललेलं, भिंत एकही नाही. पाऊस आला की झावळ्यांचे पडदे सोडायचे. पूर्वेचं टोक मात्र कोणी सुरीनं कापल्यासारखं, पत्रे ठोकलेलं. लांगीनं माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'ज्ञान कधी पुरं होत नाही, म्हणून हे टोक मुद्दाम अपुरं ठेवलं आहे.' आणि झुकलेला खांब? तो 'वाचकापुढे नम्र' होता.

गेल्या वादळानं नम्र खांब सोडला आणि पत्रे नेले. इतिहासाचं अख्खं कपाट भिजलं. प्राचार्य म्हणाले, "महिन्यात टोक बांधून होत नसेल, तर पुस्तकं राजधानीला, आपियाला धाडतो." तीन सुतार आले, कोको प्याले, वर बघितलं आणि "आफोआ आहे ना अजून?" एवढं विचारून निघून गेले.

आफोआ होता. बाईंच्या समोरच, रस्त्यापलीकडे. चाळीस वर्षं दोघं रोज सकाळी आपापलं अंगण झाडत, एकमेकांकडे पाठ करून.

"बाई, नुसतं म्हणा ना, खांब सरळ होता," लांगीनं गळ घातली.

"ऐंशीव्या वर्षी खोटं बोलू? जा, बघून ये. अजून झुकलाय."

"मग माफी तरी मागा. पुस्तकांसाठी."

"चारचौघांत बोलले, ते चुकलंच. त्याची मागेन. खांबाची नाही."

बाईंना कुठलंही काम अर्धं करता येत नसे. उजाडताना त्यांनी आईची तलम चटई पेटीतून काढली, डोक्यावरून पांघरली आणि आफोआच्या अंगणात जाऊन बसल्या. ज्याचा अपराध केला त्यानं येऊन चटई उचलली की क्षमा झाली. फक्त, असं बसतात ते खून झाल्यावर.

"कोण गं ते चटईखाली?" पाव आणायला निघालेल्या बाया थबकल्या.

"चपला तर फुआतिनोबाईंच्या."

"अगं आई! कुणाला मारलं त्यांनी?"

गावानं माणसं मोजली. सगळी भरली, प्राचार्य तेवढे सापडेनात. "पुस्तकं हलवतो म्हणत होते ना ते?" कोणीतरी म्हणालं, आणि मग कुणाला शंकाच उरली नाही. प्राचार्यांच्या बायकोनं रिकामं अंथरूण बघून टाहो फोडला. पाद्रीबाबांनी घंटा वाजवली. तेवढ्यात खाडीकडून ओल्या लुंगीत, हातात माशांची माळ घेऊन प्राचार्य आले. गर्दी बघून त्यांनी टोपी काढली.

"कोण गेलं?"

"तुम्ही," पाद्रीबाबा म्हणाले.

इकडे आफोआ घरातच होता, आणि घराला भिंती नव्हत्या. तो एका खांबामागे बसला होता. खांब वीतभर रुंद आणि आफोआ दोन हात, त्यामुळे अख्खं गाव त्याला बघत होतं.

"काका, ऊन चढलंय," लांगी रडवेली झाली. "बाई पडतील हो!"

आफोआ उठला. जड पावलांनी आला आणि त्यानं चटई उचलली. खाली बाई घामानं निथळत होत्या.

"चारचौघांत बोलले. चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "पण खांब..."

"झुकलेलाच आहे, बाई. उठा. सोमवारी येतो टोक वळवायला."

लांगीनं डोळे पुसले. बाईंना हात देऊन उठवायला आफोआ खाली वाकला, पण हात धरून तिथेच उकिडवा बसला. मान खाली. आवाज इतका बारीक, की पुढच्या रांगेतल्या बायांनी श्वास रोखला.

"बाई, पश्चिमेचं टोक माझ्या बापानं वळवलं होतं. पूर्वेचं वळण मला तेव्हा येतच नव्हतं. चार दिवस मी आढ्यावर नुसता बसून होतो, पळायचं कसं याचा विचार करत. तुम्ही बोललात, आणि मी सुटलो."