समुद्रवाले काटेखाये

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून एखादा गडी "एवढा मासा होता!" म्हणत दोन हात पसरतो, तेव्हा बाकीचे लोक त्याच्या तोंडाकडे पाहतात. मधुकर काटेखाये त्याच्या हातांकडे पाहतात. "भाऊ, हात हलवू नका," असं म्हणून ते खिशातून टेप काढतात आणि त्या दोन तळव्यांमधली हवा मोजतात.

तो टेप माझ्या दुकानातला. मी आसगावचा शिंपी. गावात टेप घेऊन हिंडणारा मी एकटाच, अशी माझी समजूत होती. एके दिवशी हा उंच, वाकलेला, नोकरीतून निवृत्त झालेला माणूस दुकानात आला आणि म्हणाला, "माझा टेप खाऱ्या हवेनं सडला. एक द्या जी."

मी विचारलं, "काय मोजाचं आहे?"

"मासे," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे लोक सांगतात ते मासे."

मधुकरभाऊ मूळ आमच्याच गावचे. धानाची शेती, तलावाच्या खाली भाताच्या बांध्या, सगळं इथलंच. तरुणपणी नोकरीसाठी म्हणून निघाले ते थेट कोकणात पोचले. आमच्याकडे समुद्र कुठे आहे असं विचारलं, तर माणूस नागपूरकडे बोट दाखवतो, कारण दूरचं जे काही असतं ते त्याच रस्त्यानं असतं. अशा गावातला माणूस जन्मभर समुद्राच्या नोकरीत राहिला. गावानं त्यांचं नाव ठेवलं समुद्रवाले काटेखाये. गंमत म्हणजे आडनाव काटेखाये, पण माशाचा काटाच काय, रस्सासुद्धा त्यांनी कधी तोंडात घातला नाही. पक्के शाकाहारी.

नोकरी काय होती, हे समजायला गावाला बराच वेळ लागला. एकदा किराणा दुकानाच्या ओट्यावर शेषरावनं त्यांना सरळच विचारलं. शेषराव त्या दुकानाचा मालक. माशांच्या बाबतीत आमच्या तालुक्यातला सगळ्यात मोठा थापाड्या.

"म्हणजे भाऊ, तुम्ही मासे धरत होते?"

"नाई."

"विकत होते?"

"नाई. विचारत होतो."

"माशाले?"

"माशाले विचारता आलं असतं तर कायले लोकाईले विचारलं असतं?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. समुद्रात सुरमई, कुपा, मोडसा असे मोठमोठे मासे. मच्छीमारांच्या बोटींचा माल बंदरावर उतरतो, तो मोजला जातो. पण मुंबई-पुण्याचे शौकीन लोक सुटीत येतात, भारी भारी गळ टाकतात, मासा धरतात आणि गाडीच्या डिकीत टाकून निघून जातात. तो मासा कोणाच्याच हिशोबात येत नाही. मग समुद्रात किती उरले, यंदा किती धरू द्यायचे, कधी थांबवायचं, हे कसं ठरवणार? म्हणून मधुकरभाऊंनी धक्क्यावर उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येक शौकीनाला विचारायचं. किती गळ टाकले? किती वेळ बसले? किती धरले? किती सोडले?

"आपल्या घरची धानाची ढोली पाहा," ते म्हणाले. "तुम्ही धान काढता पायलीनं, मोजून. उंदीर खाते न मोजता. उंदराले विचारल्याबिगर ढोलीत किती उरलं कसं समजन?"

ओट्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग शेषरावच्या लक्षात आलं. "म्हणजे हौशीनं गरी टाकणारे आम्ही सारे उंदीर का जी?"

"शौकीन उंदीर," मधुकरभाऊ आदरानं म्हणाले.

निवृत्त झाल्यावर माणूस देवळात बसतो. मधुकरभाऊ तलावावर बसू लागले. आमच्या तलावात मासळी सोसायटीची असते, पण रविवारी पाळीवर बसणाऱ्या आम्हा सहा हौशी लोकांकडे सोसायटीवाले काणाडोळा करतात. आम्ही गरी टाकून टाकून किती धरणार! एक मास्तर, एक गॅरेजवाला, वरठीच्या कारखान्यातून मोटारसायकलवर येणारे दोघे, शेषराव आणि मी. या सगळ्यांना मधुकरभाऊ एकेक करून तेच प्रश्न विचारत. जणू आमच्या उत्तरांवर अख्ख्या अरबी समुद्राचं भवितव्य टांगलेलं आहे.

शेषराव थापा मारायचा आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. "खोटं बोलाले मनाई नाई," ते म्हणत. "फक्त दरवेळी तेवढंच खोटं बोला. म्हणजे वजा करता येते."

त्यांच्या लेखी शौकीनांच्या जाती होत्या. पहिला, सुटलेला मासा वाढवून सांगणारा. दुसरा, धरलेला मासा लपवणारा. आणि एक पुण्याचा गृहस्थ त्यांना कायम आठवायचा. धक्क्यावर संध्याकाळी ऐटीत सुरमई घेऊन उभा होता. मधुकरभाऊंनी ती नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजली, वास घेतला आणि विचारलं, "साहेब, हिले गळानं धरलं का पिशवीनं?" तो गृहस्थ कानाशी येऊन पुटपुटला, "हळू बोला हो, बायको गाडीत आहे."

मला स्वतःला मासा लागत नाही. वर्षानुवर्षं मी पाळीवर बसतो आणि रिकाम्या हातानं घरी जातो. लोक हसतात. पहिल्या रविवारी मधुकरभाऊंनी विचारलं तेव्हा मी खाली मान घालून म्हणालो, "काहीच नाई."

त्यांचे डोळे चमकले. "वा! शून्य! छान."

"यात कायचं छान?"

"अजी, धरणाऱ्याच्या मागं सारे लागतात. रिकाम्या हातानं चाललेल्याले कोणी विचारत नाई. मग वाटते, पाणी माशायनं भरलं आहे. तुमच्यासारखे लोक आहेत म्हणून खरं काय ते समजते." मला मासे न मिळण्याचा कोणाला तरी उपयोग झाला, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्या रात्री मी बायकोला ते दोनदा सांगितलं.

गॅरेजवाल्याच्या बहिणीसाठी करडी गावचं स्थळ आलं तेव्हा तर कमाल झाली. मुलाचा बाप गरीचा शौकीन निघाला. पाहुणे चहा घेत होते आणि तो करडीच्या तलावातली मरळ केवढी होती ते हात पसरून सांगत होता. मधुकरभाऊही बैठकीत होते. टेप निघाला. "पाहुणे, हात हलवू नका." घरातल्या बायकांनी कपाळाला हात लावले. पुन्हा बोलणी करायला ते लोक आले, तेव्हा मधुकरभाऊंनी तोच विषय काढला आणि तीच मरळ पुन्हा मोजली. पाहुणे गेल्यावर गॅरेजवाल्याला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी द्या. बाप खोटा बोलते, पण दोन्ही वेळा तेवढाच बोलला. घर पक्कं आहे." लग्न झालं. पोरगी सुखात आहे.

मी एकदा त्यांना विचारलं, "भाऊ, नोकरी संपली. आता ही माहिती तुम्ही देता कोणाले?"

"कोणालेच नाई."

"मग कायले विचारता?"

"विचारलं की माणूस बोलते," ते म्हणाले आणि गॅरेजवाल्याकडे वळले.

त्यांच्या घरी मात्र बोलणं फार नसावं. त्यांच्या पत्नी कुंदावहिनी मालवणकडच्या. त्यांच्या वडिलांची बोट होती. तीच बोट शौकीन लोकांना खोल पाण्यात घेऊन जायची, म्हणून मधुकरभाऊ त्यांच्या दाराशी विचारायला जायचे. म्हातारा सांगायचा, पाहुण्यांनी दोन मासे पुन्हा पाण्यात सोडले. एकदा दाराआडून मुलीचा आवाज आला, "सोडूक नाय. काल रात्री आमी खाल्ले." एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर आपणहून खरं सांगणारं हे एकच माणूस. मधुकरभाऊंनी तिच्याशीच लग्न केलं.

ती खरं बोलणारी बाई आमच्या गावात येऊन गप्प झाली. गावाला वाटलं, गर्विष्ठ आहे. माझ्याकडे ब्लाउज शिवायला आल्या की मापापुरतं बोलायच्या. एकदाच दुकानाच्या दारात उभं राहून म्हणाल्या, "हय वारो नाय." मी पंखा वाढवला. त्यांना तो वारा नको होता, हे मला नंतर कळलं. आमच्या तलावाची मासळी त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हती. चिखलाचो वास येता म्हणायच्या. म्हणून मधुकरभाऊ कधी नदीचा, कधी वाहत्या ओढ्याचा मासा शोधून आणत आणि स्वतः नाक फिरवून चुलीपाशी बसत. वहिनी एक घास खात आणि ताट सरकवत.

दिवाळीच्या आधीचा तो रविवार मला आठवतो. मधुकरभाऊ पाळीवर आले. शेषरावनं नेहमीप्रमाणे हात पसरले, "भाऊ, एवढा कतला!" मधुकरभाऊ त्याच्या समोरून चालत गेले. शेषराव हात तसेच धरून उभा. "हलवले नाई जी मी!" तो मागून ओरडला. त्यांनी वळून पाहिलं नाही. वरठीचे दोघे मासे धरून बसले होते, त्यांनाही त्यांनी विचारलं नाही. 

मी गरी गुंडाळली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"काय झालं भाऊ?"

"तुमची वैनी चालली."

"कुठं?"

"माहेरी. भावाचा फोन आला होता. दिवाळीले चालली." तलावाकडे बघत ते म्हणाले, "ट्रंक भरून राहिली. दिवाळीले जाणारं माणूस उन्हाळ्याच्या साड्या कायले भरन?"

"मग तुम्ही विचारा ना, परत कधी येता म्हणून."

ते काडी उचलून पाळीच्या मातीत रेघा ओढू लागले.

"भाऊ, जन्मभर दुनियेले विचारलं तुम्ही. घरात एक गोष्ट विचारवत नाई?"

"तिकडे प्रश्न छापून येत होते जी," ते म्हणाले. "हा मलेच तयार करा लागते."

वहिनी दिवाळीला माहेरी गेल्या आणि तुळशीच्या लग्नाआधी परत आल्या, हे मी आताच सांगून टाकतो. भंडारा रोड स्टेशनवर त्यांना आणायला मधुकरभाऊ गाडीच्या वेळेच्या कितीतरी आधी जाऊन बसले होते. वहिनींनी सोबत सुक्या बांगड्यांची एक गोणी आणली. तिचा वास आमच्या आळीत अजून आहे आणि आता कोणी तक्रारही करत नाही. माझी बायको तर त्यांच्याकडून सोलकढी शिकली. पण मला सांगायची आहे ती त्या जायच्या आदल्या दिवसाची सकाळ.

कल्पना माझी होती. पवनीच्या पुढे धरणाचं पाणी पसरलंय, तिथे काही ठिकाणी पलीकडचा काठ दिसत नाही. शेषराव त्या बाजूला दुकानाचा माल आणायला जाणार होताच. त्याच्या चारचाकी टेम्पोत पुढे वहिनी, मागे रिकाम्या हौद्यात मधुकरभाऊ आणि मी, असे निघालो. वहिनींना सांगितलं, देवीच्या दर्शनाला जाऊन राहिलो. येताना खरंच दर्शन घेतलं, म्हणजे तेवढं खोटं वजा झालं.

शेषरावनं माल भरून घेतला आणि गाडी पाण्याशी नेली. वहिनी उतरल्या. समोर पाणीच पाणी. वाराही होता. पदर सावरत त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मी आणि शेषराव शहाण्यासारखे मागे एका दगडावर बसलो आणि बरोबर आणलेले पेरू कापू लागलो.

मधुकरभाऊ त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. खाकरले. धक्क्यावर एखाद्या अनोळखी साहेबासमोर उभे राहत असतील तसे ताठ झाले.

"कुंदा, तू परत येशील का?"

वहिनींनी पदर खोचला. त्या वाकल्या, पाण्यात दोन बोटं बुडवली आणि जिभेला लावली.

"अळणी," त्या म्हणाल्या.

मधुकरभाऊ वळले आणि आमच्याकडे आले. त्यांनी पेरूबरोबरची मिठाची पुडी उचलली. चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले. पुडी उघडून त्यांनी मिठाची एक चिमूट घेतली आणि अगदी जपून, आमटीत घालावं तसं, धरणात सोडली. हातानं पाणी ढवळलं.

"आता पाहा," ते म्हणाले.

वहिनींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा वाकल्या, बोटं बुडवली, चाखली. विचार करत उभ्या राहिल्या. ओठांचा कोपरा थरथरत होता. हसू होतं की रडू, इतक्या लांबून मला कळलं नाही.

"एवढ्यान काय होतला?" त्या म्हणाल्या. "अजून घाला."

शेषराव ताडकन उठला आणि टेम्पोतलं मिठाचं पोतं काढायला निघाला. मी त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.