आठ आत घुसलेत

"आपल्या शिवारात पाखरू जरी उतरलं, तरी ते कुनाचं आन कशापायी आलंय, हे मला ते उतरायच्या आधी कळतंय!" असं आबाजी कोकरे सुप्याच्या बाजारात चहा पिता पिता कुणालाही सांगायचा. आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. गड्याची संशयाची सवयच अशी, की पोस्टमन हसून बोलला तर हा पाकीट आधी उन्हात धरून बघायचा. बायकोनं, कौसल्येनं, आडवारी गोडधोड केलं की पहिला घास तोंडात घालण्याआधी विचारायचा, "आज काय फुटलं?" पंचाईत अशी, की निम्म्या वेळा खरंच काहीतरी फुटलेलं असायचं!

आबाजीचं रान जंगलाला लागून. इकडं आबाजीचा शाळू, तिकडं हिवर, बोरी आणि गवताचं सरकारी जंगल, आणि मधे एक बांध. आज्यानं त्याच कडेनं मेंढरं राखली, बापानं मेंढरं विकून शेती धरली. आबाजीनं काय केलं, ते फक्त त्याला आणि कौसल्येला ठाऊक होतं. दर साली नांगरट आली, की तो पहाटे चारी दिशांना बघून घ्यायचा आणि तो बांध जंगलाच्या अंगाला सरकवायचा. जास्त नाही, वीतभर! पण हे अकरा वर्षं चाललं होतं.

तर यंदा हुरडा ऐन दुधात असताना एका सकाळी पांढरी जीप येऊन जंगलाच्या कडेला थांबली. तिच्यातून एक पोरगी आणि एक पोरगा उतरला. पोरीच्या गळ्यात दुर्बीण. पोराच्या हातात वही आणि मोबाईलसारखं कसलंसं यंत्र. दोघं बांधाच्या कडेनं चालायचे, पन्नास पावलांवर थांबायचे, यंत्रात बघायचे आणि वहीत लिहायचे. शिवाय बोलायचे ते कुजबुजत!

आबाजी गपकन शाळवात बसला आणि कणसांच्या आडून बघू लागला. पण डोक्याला लालभडक पटका! हिरव्या रानात तो असा उठून दिसत होता, जणू रानानं कुंकू लावलंय.

"नमस्कार काका!" पोरगी थेट समोर येऊन म्हणाली. "तुम्ही लपलाय का?"

"लपतोय कशाला? माझंच रान हाय! मी असाच बसतो हितं." आबाजी गुडघे झाडत उठला. "कुठलं म्हनायचं पावनं?"

"पुण्याहून आलोय, कॉलेजमधून. मी स्वरूपा, हा ऋषिराज. तीन दिवस मोजणी आहे आमची."

मोजणी! आबाजीच्या तोंडचं पाणी पळालं. सरकार आता मोजणीला कॉलेजातली पोरं धाडतंय, म्हणजे कुणाला वास लागायला नको! त्यानं मनातल्या मनात सरकारच्या हुशारीला हात जोडले.

"जंगलाची सगळी कड पायी तपासतोय," स्वरूपा म्हणाली. "पण काका, तुमच्या बाजूला जरा जास्तच आत घुसलेत हो!"

"घु... घुसलेत? किती म्हनता?"

"आठ," ऋषिराज वहीत बघून म्हणाला. "बरोब्बर आठ. फोटोपण आहेत."

आबाजीनं बोटांवर हिशेब केला. अकरा वर्षं, अकरा विती... म्हणजे आठ फूट! यंत्र म्हणावं, की काय! एक बोटभर इकडं नाही की तिकडं नाही!

"चुकून आसंल," तो पुटपुटला.

"चुकून कसं? वर्षानुवर्षांची सवय दिसतेय. थोडं थोडं करत धीर वाढतो, मग कुणाची भीती राहत नाही." स्वरूपा हसली. "आम्हाला तर गेल्या वर्षीच इथल्या एका शेतकऱ्यांनी सांगितलं होतं."

"कुनी?"

"ते नाव नको. त्यांना नाही आवडायचं."

"मंग आता म्होरं कसं?"

"अहवाल वर जाईल. मग वरचे ठरवतील, इथंच राहू द्यायचं, की उचलून दुसरीकडं न्यायचं."

उचलून दुसरीकडं! आबाजीच्या डोळ्यांपुढं पोलिसांची गाडी आली, येरवड्याचा दरवाजा आला, आणि दरवाजातून आत जाताना त्याचा तो लाल पटका आला.

"आम्ही चारला परत येतो," म्हणून पोरं जंगलात शिरली. आबाजी घराकडं पळाला.

"आवं, कसली मोजनी त्ये सरळ इचारा की त्यास्नी!" कौसल्या म्हणाली.

"येडी का खुळी तू? इचारलं की कबूल केल्यागत व्हतंय!"

"मंग मी इचारते."

"तू तर तोंडच उघडू नगंस!" एवढं बोलून आबाजी शेजारच्या दादासोच्या वस्तीवर गेला. चहाडी करणारा दादासोच, याबद्दल त्याला तीळभर शंका नव्हती. दादासोचं रान त्याच्या रानाला लागून, ट्रॅक्टर घरचा, आणि गेल्या दिवाळीत त्यानं कारण नसताना फराळाचं ताट पाठवलेलं!

"दादासो, माझ्या बांधाचं तू सांगितलंस!"

"कुनाला? कुठल्या बांधाचं?"

"मोजनीवाल्यास्नी! आठ फूट आत घुसलोय म्हून त्यांच्या वहीत लिवलंय!"

दादासोच्या हातातली भाकरी गळून पडली. "मोजनी आलीया? आरं, मी कशाला चहाडी करीन? माझाच बांध दहा फूट सरकलाय की!" आणि मग आपण काय बोललो, हे कळून त्यानं तोंडावर हात ठेवला.

"तू बी?"

"मी तुझं बघूनच सुरू केलं, आबाजी!"

बातमी वाऱ्यासारखी पसरली. जंगलाच्या कडेनं एकंदर पाच जणांची रानं. पाचही जण आधी आकाशाकडं बघत राहिले, मग एकेक जण "तसा माझा बी जरासाच..." म्हणू लागला. जो तो दुसऱ्याकडं अशा नजरेनं बघत होता, की गावच्या बैठकीत एवढी शांतता कधी झाली नव्हती. शेवटी ठरलं, चारच्या आत बांध मागं घ्यायचे. बांधच जागेवर गेला, तर वहीतला आकडा खोटा पडेल!

बारा वाजता तीन ट्रॅक्टर सुरू झाले. जुने बांध फुटले, आतल्या अंगाला नवे ओढले गेले. दुधातला शाळू मुळासकट आडवा झाला. कौसल्या मागोमाग पडलेली कणसं पदराच्या ओट्यात गोळा करत चालली होती. ती रडत नव्हती. बोलतही नव्हती, आणि आबाजीला तेच जास्त लागलं. पण त्यानं मान वळवली आणि ओरडला, "आजून एक फेरा मार, दादासो! नऊ फूट घे! लेकाचं यंत्र हाय, त्येचा भरवसा न्हाय!"

साडेतीनलाच स्वरूपा जंगलातून धावत आली.

"थांबवा! काका, थांबवा ते ट्रॅक्टर! काय केलंत हे? सगळे पळाले!"

"कोन पळालं?" आबाजीनं गर्रकन मागं बघून पाचही जण आहेत का, ते मोजलं.

"चिंकारा! आठच्या आठ! एवढे निवांत तुमच्या शाळवात शिरून बसायचे. दोन दिवस मोजायचे होते अजून, आता कुठं सापडणार?"

एक ट्रॅक्टर बंद झाला. मग दुसरा. मग तिसरा.

"म्हंजी..." आबाजीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला, "मोजनी हरनांची व्हय?"

"मग कशाची?"

पाच बापये, तीन ट्रॅक्टर आणि उलथंपालथं झालेलं शिवार! ऋषिराजनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "पण तुम्ही सगळे मिळून हे करताय काय?"

चौघांनी आबाजीकडं बघितलं. आबाजीनं जमिनीकडं बघितलं. तेव्हा कौसल्येनं ओट्यातली कणसं सावरली आणि ती पुढं आली.

"हरनांसाठी जागा सोडलीया," ती म्हणाली. "समद्यांनी मिळून."

"उभं पीक मोडून?" स्वरूपाचे डोळे भरून आले.

"व्हय," आबाजी म्हणाला. दुसरं काय म्हणणार? "मुकी जनावरं हायती बिचारी."

ऋषिराजनं भराभर यंत्र काढलं, नव्या बांधाच्या कडेनं चालत गेला आणि सगळ्या पट्टीची लांबी-रुंदी वहीत उतरवून आला. "नोंद झाली, काका! हे आता अहवालात जाणार. तुमच्या नावासकट!"

एवढ्यात फटफटीवरून जंगलखात्याचा राम गार्ड आला. स्वरूपानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं जुन्या बांधाच्या जागेकडं बघितलं, नव्या बांधाकडं बघितलं आणि डोकं खाजवलं.

"आबा, ही तुमच्या मालकीची जमीन तुमी हरनांना दिली?"

"जंगलाची व्हती, जंगलाला दिली," आबाजी सुस्कारा टाकून म्हणाला. आता लपवण्यात काय राहिलं होतं?

"जंगलाची कशी? हद्दीचा दगड तर तितं आत हाय, त्या बोरीच्या जाळीत. आमी गेल्या महिन्यात काटं तोडून चुना लावला की त्येला. तुमचा जुना बांध त्येच्या बी अलीकडं व्हता, चांगला पंधरा पावलं!"

सगळे जाऊन बघून आले. दगड होता. चांगला पांढराशुभ्र होता. अकरा वर्षं आबाजी पहाटे उठून, चारी दिशांना बघत, स्वतःचंच रान वीत-वीत चोरत होता!

"काका, सगळे त्या नव्या बांधावर उभे राहा ना, एक फोटो घेऊ!" स्वरूपानं मोबाईल काढला. "काका, तुम्ही मधे. हं! आणि जरा हसा की!"

आबाजी हसला. बाकीचे चौघं मात्र मोबाईलकडं न बघता आबाजीकडं बघत होते.