जावईबापूंचं मिग

शेखरने लढाऊ विमान शिकायचं ठरवलं, ते सासऱ्यांचा ट्रॅक्टर चालवायला मिळावा म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, ट्रॅक्टर चालवायचा तर माणसाने ट्रॅक्टर शिकावा. सरळमार्गी माणसं तसंच करतात. पण शेखर नाशकात एका विमा कंपनीत क्लेम विभागात होता, आणि सरळ मार्गाने कुणाला काही मिळत नसतं, ही त्याची नोकरीतली कमाई होती.

भानगड अशी होती. शेखरची बायको उज्वला, तिचं माहेर दिंडोरीजवळ, द्राक्षबागायतदारांचं. दसऱ्याला तिथे अंगणात घरातली झाडून सगळी यंत्रं धुऊन-पुसून ओळीने मांडतात. ट्रॅक्टर, औषध फवारायचा ब्लोअर, मोटारसायकल, छाटणीच्या कात्र्या. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर भिंतीवरून निघत नाही म्हणून त्याला जागेवर जाऊन हार घालतात. पूजा झाली की ट्रॅक्टरची पहिली फेरी गावच्या मारुतीपर्यंत, आणि ती मारायचा मान जावयाचा.

जावई दोन. थोरले भारतराव हवाई दलातून रिटायर झालेले. धाकटा शेखर. एका दसऱ्याला सासऱ्यांनी, म्हणजे रंगनाथअण्णांनी, हौसेने किल्ली शेखरच्या हातात दिली. शेखर मारुतीपर्यंत नीट गेला. परत येताना मात्र तो रस्त्याने न येता बागेतून आला. द्राक्षांच्या मांडवाचे लोखंडी अँगल वाकले, तारा ट्रॅक्टरच्या नाकाला गुंडाळल्या गेल्या, आणि शेखर त्या तारांमध्ये नवरदेवासारखा मुंडावळ्या बांधून बसलेला गावाने पाहिला. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या दसऱ्याला किल्ली गुपचूप भारतरावांकडे गेली आणि तिकडेच राहिली. सासरी न बोलता झालेला अपमान बोलून झालेल्यापेक्षा जड असतो. (जावई असाल तर मान डोलवाल. नसाल तर व्हायचे आहात.)

वर भारतरावांच्या गोष्टी. ते हवाई दलात स्टोअरला होते, पण जेवणाच्या पंगतीत गोष्ट रंगात आली की स्टोअर मागे पडायचं आणि भारतराव ढगात असायचे. "हमारे बेस पे एकदा काय झालं," असं ते म्हणाले की सासूबाई त्यांच्या पानात न विचारता पुरी टाकत. शेखरच्या गोष्टी म्हणजे मोटारीच्या बंपरच्या. त्यावर कोण पुरी वाढणार?

यंदा अण्णांनी नवा कोरा ट्रॅक्टर घेतला. म्हणजे दसऱ्याची फेरी ही त्याची अगदी पहिली. ती आपण मारायची, असं शेखरने मनाशी पक्कं केलं. नेमकं तेव्हाच ऑफिसातल्या रविराजने त्याला सांगितलं की हल्ली घरबसल्या कॉम्प्युटरवर लढाऊ विमान चालवता येतं, अगदी खऱ्यासारखं, आतलं एकेक बटण खरं. शेखरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जो माणूस सर्वांदेखत लढाऊ विमान उतरवून दाखवतो, त्याला ट्रॅक्टर कोण नाकारेल?

खोकं घरी आलं. उज्वलाने उघडलं.

"हे काय आहे?"

"जॉयस्टिक. विमानाची काठी."

"आपण मिक्सरचं भांडं मागवणार होतो."

"आधी देशाचं रक्षण," शेखर म्हणाला. त्या दिवशी चटणी पाट्यावर झाली, आणि ती शेखरने वाटली.

शिकण्याची सुरुवात शिकाऊ विमानापासून झाली. ते गरीब होतं. कसंही आपटलं तरी पुन्हा उभं राहायचं. मग त्याने दुसऱ्या महायुद्धातलं पंख्याचं विमान घेतलं. त्याला जोर दिला की ते एका अंगाला ओढायचं, जोडीतला चुकार बैल बांधाकडे ओढतो तसं. शेखर पहिल्यांदा धावपट्टीवरून निघाला तो थेट शेजारच्या शेडमध्ये घुसला. "चालकाची चूक. दावा नामंजूर," तो सवयीने पुटपुटला. हेलिकॉप्टरने तर रडवलं. डाव्या हाताने सावरावं तर उजवा सुटतो, हात सावरावेत तर पाय विसरतात.

"अवघड आहे गं. एकाच वेळी चार गोष्टी सांभाळायच्या," तो घाम पुसत म्हणाला.

उज्वला एका हाताने कुकर उतरवत, खांद्याने कानाशी फोन धरून, पायाने फ्रिजचं दार लोटत होती. तिने त्याच्याकडे फक्त पाहिलं.

शेवटी मिग-एकवीस. ते निवडण्यात शेखरची अक्कल होती. ही विमानं ओझरच्या कारखान्यात बनायची. अण्णांचा सगळा जन्म त्यांच्या आवाजाखाली गेलेला. अण्णांच्या काळजाला हात घालायचा तर मिगनेच. पण काय ते विमान! पंख नावापुरते, आणि उतरताना वेग मुंबई-आग्रा हायवेवरच्या कुठल्याही गाडीच्या तिप्पट. इतर विमानं उतरतात, हे पडत पडत येतं आणि शेवटच्या क्षणी विचार बदलतं. शिवाय आतली अक्षरं सगळी रशियन. शेखरने मग बटणांना घरची नावं दिली. कोपऱ्यातलं लाल ते गिझर, त्याच्या वरचं देवघर, डावीकडे ओळीने असलेली बाल्कनी. विमान सुरू करायची जंत्री उज्वला पोळ्या लाटता लाटता वाचायची.

"बॅटरी?"

"ऑन."

"देवघर?"

"ऑन."

"गिझर?"

"ऑन."

"मी खरा गिझर विचारतेय."

शेखर खुर्चीतून उठून धावत बाथरूमकडे गेला. तोही ऑन होता, सकाळपासून.

पण माणूस चिकाटीचा. नवरात्र बसता बसता एका संध्याकाळी मिग धावपट्टीला टेकलं, वेग मारणारी मागची छत्री उघडली, आणि विमान अख्खंच्या अख्खं थांबलं. शेखरचे डोळे भरून आले. त्याने उठून बायकोशी हस्तांदोलन केलं. तिच्या हाताला कणीक होती, ती त्याने रात्रभर पुसली नाही.

दसऱ्याला कॉम्प्युटर, काठी, पायाचे पेडल, वायरींचं भेंडोळं असं सगळं गाडीत घालून दोघं दिंडोरीला पोचली. अंगणात यंत्रांची ओळ लागली होती. शेखरने सगळ्यांच्या देखत आपली जॉयस्टिक नव्या ट्रॅक्टरच्या आणि ब्लोअरच्या मधोमध नेऊन ठेवली.

सासूबाई लंकाबाई ताट घेऊन आल्या. "ही कशाची मूठ म्हणायची?"

"विमानाची."

"आन् विमान?"

"ते आत आहे, आई. कॉम्प्युटरमध्ये."

"बरं हाय. ऊन नाय लागायचं त्याला," असं म्हणून लंकाबाईंनी मुठीला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल खोवलं आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता टाकल्या. शेखर बघत होता. ट्रॅक्टरला ओंजळभर अक्षता आणि आपल्या विमानाला चिमूटभर?

"आई, हिच्यावरही टाका की अजून थोड्या."

लंकाबाईंनी देवाच्या कामात कधी हात आखडला नव्हता. त्यांनी मूठभर टाकल्या. त्यातल्या बऱ्याचशा काठीच्या बुडाशी रबराची घडी असते, तिच्यात घसरल्या. (हे कुणीच पाहिलं नाही. मी सांगतोय म्हणून तुम्हाला कळलं.)

पूजा आटोपली. अण्णांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली. भारतरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"अण्णा," शेखर पुढे झाला, "फेरीच्या आधी पाच मिनिटं द्या. एक दाखवायचंय."

बैठकीच्या मोठ्या टीव्हीला वायर जोडली गेली. घरचे आले, शेजारच्या बयाबाई आल्या. उज्वलाने जंत्री वाचली, देवघर आणि गिझर ऑन झाले, आणि मिगचा आवाज घरात घुमला. अण्णा तेवढ्यात अंगणात गेले होते. त्यांनी सवयीने आभाळाकडे पाहिलं. मग आवाज घरातून येतोय हे कळल्यावर ते आत आले आणि अगदी पुढची खुर्ची ओढून बसले.

"हाच तो," अण्णा हळूच म्हणाले. "लहानपणी गुरं बुजायची ह्या आवाजाला. यंदा रिटायर केली म्हणं सरकारनी. लय चुकल्यावानी वाटतं बघा."

शेखरचा ऊर भरून आला. किल्ली अण्णांच्या मुठीत दिसत होती.

"शेखरराव, चढणं सोपं असतं," मागून भारतराव म्हणाले. "उतरताना बघू."

"तेच दाखवणार आहे," शेखर म्हणाला आणि विमान झोकात वर नेलं. पडद्यावर कुठलंसं परदेशी वाळवंट पसरलं. त्याने ऐटीत काठी डावीकडे घेतली. विमान डावीकडे वळलं. सगळे वा म्हणाले. त्याने काठी परत मध्ये आणली.

म्हणजे आणायला गेला. काठी आली नाही.

विमानाने एक गोल चक्कर मारली. मग दुसरी. मग तिसरी.

"वळण ब्येस घेतलं," अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण पुन्यांदा तेच व्हय?"

"जरा परिसर बघतोय," शेखर दात खाऊन काठी ओढत म्हणाला.

बयाबाई बराच वेळ बारकाईने बघत होत्या. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "परदक्षिणा उलटी घालून राहिले तुम्ही. उजव्या हाताला देव धरावा."

उज्वला कानाशी वाकली. "अहो, काय झालं?"

"काठी अडकलीय."

"मग तसं सांगा ना त्यांना."

"जीव गेला तरी नाही."

"बंद करून परत चालू करा," भारतराव म्हणाले. "आमच्या स्टोअरचा कॉम्प्युटर तसाच चालायचा." त्यांच्या तोंडून स्टोअर हा शब्द घरात पहिल्यांदाच निघाला, पण शेखरला तो आनंद घ्यायला सवड नव्हती.

"आकाशात विमान बंद करून परत चालू करतात का कुणी?" तो म्हणाला.

लंकाबाईंनी आतून हाक दिली की पानं वाढलीत, श्रीखंड गरम होतंय. विमान काही कुठे जात नव्हतं, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. पहिली पंगत जेवायला बसली. शेखर फिरत राहिला. दुसरी पंगत बसली. त्याचे दोन्ही हात कुंकवाने लालभडक झाले होते आणि डोकं विमानाच्या बाजूने तिरकं झालं होतं. अण्णा तेवढे खुर्चीतून उठले नाहीत, त्याचंच शेखरला जास्त वाईट वाटत होतं. मग इंधन संपत आल्याचा लाल दिवा लागला.

भारतराव हात पुसत जवळ आले. या वेळी त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "शेखरराव, सीट सोडा. इजेक्ट करा. त्यात कमीपणा नसतो. मशीन परत मिळतं, माणूस मिळत नाही."

शेखरने अण्णांच्या मुठीकडे एकदा पाहिलं. तिथल्या किल्लीला मनातल्या मनात रामराम केला आणि बटण दाबलं. धाडकन आवाज झाला, काच उडाली, आणि पडद्यावर शेखर पॅराशूटला लोंबकळत खाली येऊ लागला.

आणि तेवढ्यात मिग, ज्यात आता कुणीच नव्हतं आणि ज्याचा अडकलेल्या काठीशी संबंध तुटला होता, ते सावरलं. आधी किंचित उजवीकडे झुकलं. मग सरळ झालं. इंजिनाची घरघर थांबली, नाक अदबीने थोडं वर आलं, आणि ते विमान वाळूवर असं अलगद टेकलं, जसं तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं. थोडं घसरत गेलं, धुरळा उडाला, आणि थांबलं. खरचटलंसुद्धा नाही. शेखरला जे जमायला अख्खा श्रावण आणि भाद्रपद लागला होता, ते विमानाने त्याच्या गैरहजेरीत एका दमात केलं.

मग बयाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"चांगलं उतरलं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मी नव्हतो त्यात."

"तेच म्हणतोय मी."

उज्वलाने जॉयस्टिक उचलून उलटी केली, झटकली. लाल अक्षता भुरभुर चटईवर पडल्या. शेखर उभाच राहिला. "बघा. बघा अण्णा. माझी चूक नव्हती. अक्षता अडकल्या होत्या."

अण्णांनी एक दाणा उचलून निरखला. "जादाच्या कुणी मागितल्या व्हत्या?"

लंकाबाई पदराआड हसल्या. उज्वलाने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चालकाची चूक. दावा नामंजूर."

सगळे अंगणात आले. नवा ट्रॅक्टर झेंडूच्या माळा घालून ताटकळत उभा होता. भारतरावांनी सवयीने हात पुढे केला. पण अण्णा त्यांना ओलांडून गेले, थेट शेखरपाशी, आणि त्याच्या लाल तळव्यावर त्यांनी किल्ली ठेवली.

एवढं सगळं होऊनही? "अण्णा, मी? खरंच मीच?"

"व्हय, तुम्हीच," अण्णा म्हणाले. त्यांनी प्रेमाने त्याची पाठ थोपटली. "चालू करा, पयला गिअर टाका, आन् खाली उडी मारा. मारुतीपर्यंत त्याचं त्यो जाईल."