हँडब्रेक लागत नाही

“मेकॅनिक कशाला? गाडीची मागची दोन चाकं काढायची, ब्रेकच्या जुन्या डिस्क उतरवायच्या, नव्या चढवायच्या. लहान मूलसुद्धा करील!”

सकाळच्या चहाला हे जाहीर करणारा गृहस्थ पेशाने मुद्रितशोधक होता. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका धरून धरून आपल्या हातून चूक होतच नाही अशी त्याची समजूत झाली होती. बायकोने कपाळाला हात लावला. सासूबाई मात्र चष्म्यावरून नुसत्या बघत राहिल्या. त्याची त्याला जास्त धास्ती वाटली.

तरी पठ्ठ्याने काम केलं, हं! गंजून चिकटलेल्या डिस्क हातोड्याने ठोकून सोडवल्या, डिकीत टाकल्या. नव्यांवरचं तेल पुसून त्या बसवल्या. गल्लीत फेरी मारली, तर पायाचा ब्रेक असा लागला की नाक काचेला टेकायचंच राहिलं! फक्त हँडब्रेकची तार काही केल्या जागेवर जाईना. दांडा ओढला की नुसती करकर, पकड शून्य. “उद्या बघू,” म्हणत त्याने खबरदारी म्हणून स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवली आणि काळे हात घेऊन तो अंघोळीला गेला.

चिठ्ठीत लिहिलं होतं, “हँडब्रेक लागत नाही.” शुद्ध, सुटसुटीत, पूर्णविरामासकट.

अंघोळ करून येतो तर घरात कोणी नाही. टेबलावर बायकोचा कागद: “तुमची चिठ्ठी वाचली. हँडब्रेक लागत नाही हे बरं झालं, एक कटकट गेली! आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेतेय.”

कटकट गेली? त्याने पुन्हा वाचलं. त्याने लिहिलं होतं की ब्रेक पकडत नाही. बायकोने वाचलं होतं की ब्रेकची गरजच नाही!

दवाखाना उभ्या चढावर. खाली चौक, चौकात माणसं. बायको गाडी न्यूट्रलला टाकून उतरणारी. आणि सासूबाई गुडघ्यांपायी नंबर येईपर्यंत मागच्या सीटवर डोळे मिटून बसणाऱ्या! त्याने फोन लावला. बायकोचा फोन स्वयंपाकघरात वाजला.

मग तो धावत सुटला. उलटा शर्ट, कानात साबण, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात बायकोची. प्रत्येक वळणावर त्याला सासूबाई उलट्या दिशेने घरंगळत येताना दिसत होत्या. ‘काही झालं तर हिला तोंड कसं दाखवू?’ एवढंच डोक्यात फिरत होतं.

चढावर गाडी दिसली. आत कोणी नाही! वाट न बघता त्याने डिकीला पाठ लावली, पाय रोवले आणि बोंब ठोकली, “पळा! बाजूला व्हा! गाडी सुटतेय!”

भाजीवाला पळाला. दोन पेशंट डोळ्यांवरच्या पट्ट्यांसकट पळाले.

“जावईबापू, काय करताय?” शेजारच्या बाकावरून आवाज आला. सासूबाई!

“गाडी धरलीय!”

“ती मी मघाशीच धरलीय. खाली बघा.”

त्याने बघितलं. दोन्ही मागच्या चाकांखाली एकेक गंजकी डिस्क घट्ट सरकवलेली होती.

“पोरगी आत नंबर लावायला गेलीय. ती म्हणाली, नको म्हणून लिहिलंय. मी म्हटलं, चालत नाही असंही असेल. कंपाउंडरने डिकीतल्या डिस्क काढून चाकाखाली लावेपर्यंत तिला ब्रेकवरचा पाय काढू दिला नाही.”

तो सासूबाईंच्या शेजारी मटकन बसला. डोळ्यांत पाणी आलं, साबणाचं असावं.

“आई, तुम्ही होतात म्हणून...”

“नव्या डिस्क छान चमकतायत हो,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून त्याची चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली.

समासात पेन्सिलीने काढलेलं एक ठसठशीत प्रश्नचिन्ह होतं. आणि त्याखाली मेकॅनिकचा नंबर.