सुप्त पाणी

आमच्या नळाला पाणी येत नव्हतं, ही गोष्ट पाणीपुरवठा कार्यालयात जाऊन साहेबांच्या कानावर घालणं भाग पडलं. निघताना सूनबाईंनी बजावलं, "बाबा, आज सोक्षमोक्ष लावूनच या. नाहीतर उद्यापासून चौकातल्या टाकीवरून बादल्या तुम्ही आणायच्या. माझी कंबर गेली."

साहेब नुकतेच आनुवंशिकतेवरचं व्याख्यान ऐकून आले होते. खात्याशी विषयाचा संबंध नव्हता. पण चहाची सोय होती, म्हणून अख्खं खातं गेलं होतं.

"नळ कोरडा आहे असं म्हणू नये, आजोबा. पाणी आहे, ते सुप्त आहे. घरात कुणाचे डोळे घारे?"

"माझ्या आजीचे होते. आता नातीचे आहेत."

"आणि तुमचे काळे. म्हणजे घारेपणा तुमच्यातही होता, फक्त दिसला नाही. त्याची कुठे तक्रार केलीत?"

"नाही."

"मग पाण्याचीच का?"

मी धीर करून विचारलं, "पण येणार कधी?"

"सुप्त गुण पिढी ओलांडून येतो. नातीच्या नळाला येईल."

माझ्यामागे शिंपी होता. त्याच्या नळाला गढूळ पाणी येत होतं. साहेब म्हणाले, "गढूळपणा प्रकट झालाय, स्वच्छता सुप्त आहे." कोपऱ्यात शिपाई घोरत होता. त्याचा कामसूपणा सुप्त असल्याचं आम्ही न विचारताच समजून घेतलं. रांगेतले मास्तर म्हणाले, "शास्त्र बरोबर आहे हो." मास्तरच असं म्हणाल्यावर आम्ही काय बोलणार?

"कुणाची हरकत?" साहेबांनी विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब जेवायला गेले.

घरी सूनबाई दारातच उभ्या. "भांडलात का?"

"भांडण होतं गं पोटात. पण सुप्त."

त्यांनी बादली माझ्या हातात दिली. "नातीत उतरेपर्यंत भरा."

टाकीवर शिंपी भेटला, मास्तर भेटले. कुणी कुणाकडे बघेना. तुम्ही मात्र हे वाचून हसताय. साहेबांनी हरकत विचारली तेव्हा मास्तरांच्या मागे, खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत होतात, ते तुम्हीच ना? या, लागा रांगेत. बादली आणलीत का?