एक्केचाळिसावा ब्रॅकेट

दुरुस्तीला आलेल्या विमानांच्या पंखाखाली बसवायचे चाळीस ब्रॅकेट बनवण्याचा आदेश होता, आणि पेटीत निघाले एक्केचाळीस. कारखान्यात माल कमी भरल्याची उदाहरणं पुष्कळ होती. जास्त भरण्याचा गुन्हा प्रथमच घडत होता.

तो उघडकीस आणला प्रोसेस इंजिनियरबाईंनी. त्यांना सगळे ‘मायक्रॉनताई’ म्हणत, कारण केसाच्या जाडीवरून त्या भांडत आणि ‘केस जाड असतो’ असं सिद्ध करून जिंकत.

“हा कुठून आला?” त्यांनी मशीनवरच्या मामांना विचारलं.

“उरलेल्या तुकड्यातून काढला,” मामा लाजत म्हणाले. “एखादा बिघडला तर हाताशी असावा. मोजून बघा, सोन्यासारखा आहे!”

मोजला. एक्केचाळिसांत तोच सगळ्यात अचूक भरला. पण त्याला जन्माचा कागद नव्हता.

“भंगारात टाका,” गुणवत्ताप्रमुख म्हणाले.

“भंगाराच्या फॉर्मवर नंबर लागतो, साहेब,” ताई म्हणाल्या.

“मग द्या नंबर.”

“कागदावर जो बनलाच नाही, त्याला नंबर कसा देणार?”

साहेबांना हे पटलं, आणि तिथेच घोळ झाला. जो बनलाच नाही तो पेटीत आहे, त्याअर्थी बाकीच्या चाळिसांतही कुणी तोतया असू शकतो, असा निष्कर्ष समितीने काढला. सगळे ब्रॅकेट लाल जाळीच्या कपाटात गेले. त्या कपाटाची किल्ली दुसऱ्या कपाटात गेली. दुसऱ्या कपाटाची किल्ली कुठे गेली, हे शोधायला उपसमिती नेमली.

किल्ली मिळाल्यावर ताईंनी एकेका ब्रॅकेटला भेगेत शिरणारा लाल रंग लावून, पुसून पाहिला. अठरा नंबरच्या कोपऱ्यात बारीक लाल रेघ राहिली. तडा!

साहेबांनी अठराची फाईल उघडली. अकरा सह्या, सात शिक्के. “इतके सुंदर कागद असताना तडा जाईलच कसा?”

“तड्याने फाईल वाचलेली नाही, साहेब.”

माल संध्याकाळी जायचा होता. साहेबांनी आवाज खाली आणला. “अठराचे कागद त्या जादाच्या ब्रॅकेटला लावून टाका. कागदही चांगले, मालही चांगला. कुणाचं काय बिघडलं?”

ताईंच्या बढतीची यादी साहेबांच्याच टेबलावर होती. पण तो उरलेला तुकडा कुठल्या सळईचा, हे मामांनाही आठवत नव्हतं; म्हणजे त्याचा धातू पंखाचा भार पेलेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

“मी सही करणार नाही.”

“बढती अडेल.”

“अडू दे. पंख तर जागेवर राहील!”

दोन्ही ब्रॅकेट करवतीखाली गेले. जादाच्या ब्रॅकेटसाठी ‘अस्तित्वात नसलेल्या वस्तू नष्ट केल्याचा दाखला’ हा नवा फॉर्म तीन प्रतींत छापला गेला. बढती गेली. वर ताईंना लेखी तंबी मिळाली : ‘अनावश्यक तपासणी केल्यामुळे दोष आढळला.’ मामांनी ती मोठ्याने वाचली, आणि दोघं मशीनला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

बदली ब्रॅकेट बनायला चार दिवस लागले. तेवढे दिवस एक विमान जमिनीवरच राहिलं. विमानतळावरच्या खिडकीपाशी प्रवाशांनी रान उठवलं.

“एवढ्याशा तुकड्यासाठी चार दिवस? तपासायचं तरी काय असतं एवढं? सही ठोका आणि सोडा की विमान!” एक प्रवासी टेबलावर मूठ आपटत ओरडत होता.

आवाज ओळखीचा वाटला ना? तुमचाच होता.